आबांचा खोकला

डिंडोलीच्या त्या गल्लीत हिलाल आबांचा खोकला प्रसिद्ध होता. दुखण्याचा नव्हे, अदबीचा. घराच्या पायरीवर पाय ठेवण्याआधी आबा एकदा घसा साफ करत, तो इतक्या मोठ्यानं की समोरच्या ओट्यावर झोपलेलं कुत्रं उठून बसे. अर्धं आयुष्य लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, काढलेला माणूस, निम्मे कान तिथेच ठेवून आलेला. त्याला हळू खोकणं कसं जमणार? पण खोकल्याशिवाय आबा कधी घरात शिरले नाहीत. आत जयश्री असे, म्हणजे दगाची, त्यांच्या धाकट्या भावाची बायको. जेठ आला हे तिला कळलं पाहिजे, तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला पाहिजे, आणि मग आबांनी मान खाली घालून आत आलं पाहिजे. धुळ्याकडून सुरतेला येताना माणसं पितळी भांडी, जातं आणि देवाचा टाक घेऊन आली, त्यांच्याबरोबर ही रीतही आली. जातं पुढे कोणी भंगारात घातलं. रीत मात्र तशीच राहिली.

दोघं भाऊ एकाच घरात, आबा खाली, दगा वरच्या मजल्यावर, चूल खाली एकच. पुष्पाबाईंचे, म्हणजे आबांच्या बायकोचे, गुडघे गेल्यापासून भाकरी जयश्रीच टाकायची. जेठाशी बोलायचं नाही हीसुद्धा रीत. काही सांगायचंच झालं तर ती भिंतीला सांगे, नाहीतर आपल्या लेकीला, मयुरीला. "मयुरी, तुन्हा आबासले सांग, दूध संपनं." आबा हातभर अंतरावर बसलेले असत. ते मयुरीला म्हणत, "मम्मीले सांग, लई येस," म्हणजे घेऊन येतो. सातवीत गेल्यावर पोरगी वैतागून म्हणायला लागली, "आबा, मला टपाल खात्यातच नोकरी लावून द्या."

आबांना या रीतीचा भारी अभिमान. "दगानं लगन हुयनं तैपासून मी भावजयनं तोंड पाह्यनं नही," असं ते चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीपाशी, छाती पुढे काढून सांगत, आणि ऐकणारे माना डोलवत. ओझरतं कधी दिसलं नसेल असं नाही, एका घरात राहून कसं चुकणार? पण दिसलं की आबा मान वळवत. त्यांना ठाऊक होते ते तिचे हात. डाव्या मनगटावर तव्याचा चटका बसल्याचा डाग, उजव्या हातावर गोंदलेलं तुळशीचं रोप, त्याचं एक पान जरा वाकडं. त्या हातांनी ताटात भाकरी यायची. आबांना कावीळ झाली तेव्हा उसाच्या रसाचा पेलाही त्याच हातांनी दाराच्या उंबऱ्यावर ठेवला होता, दिवसातून कितीदा तरी, आणि पेला ठेवून हात आत निघून जात.

कान आणि पाय दोन्ही सुस्त झाल्यावर आबांनी खातं सोडलं. मग घरी बसून ते पुष्पाबाईंच्या स्वयंपाकात मीठ किती पडलं याची चौकशी करू लागले, आणि पुष्पाबाईंना जगणं नकोसं झालं. त्याच सुमाराला मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा मोबाइलवर फिरायला लागल्या. पालिकेच्या मराठी शाळेतल्या पालकांनी गलका केला, तेव्हा शाळेनं आणि एका संस्थेनं मिळून ठरवलं की फाटकावर वस्तीतलीच माणसं उभी करायची, पण नीट शिकवून. नवरा घरातून निघतोय हे दिसताच पुष्पाबाईंनीच त्यांचं नाव पुढे केलं.

समाजाच्या वाडीत, म्हणजे लग्नकार्याच्या सभागृहात, प्रशिक्षण झालं. शिकवायला पोलिसातल्या एक मॅडम आल्या होत्या. आबा पहिल्या रांगेत, चांगला कान पुढे करून बसत. कुठं उभं राहायचं, गर्दी कशी फोडायची, अनोळखी माणसाला नम्रपणे कसं थांबवायचं, सगळं मॅडमनी करून दाखवलं. एक गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितली: कुणाच्या अंगाला, कपड्याला हात लावायचा नाही, आणि बाई असेल तर बाई स्वयंसेवकालाच पुढे करायचं. आणखी एक गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली होती, की जो तुम्हाला पाहून तोंड लपवतो त्याच्यावर नजर ठेवा. वारंवार सांगितलेलं आबा विसरले आणि जाता जाता सांगितलेलं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. माणसाचं डोकं असंच असतं, आबांचं जरा जास्तच.

नारिंगी जाकीट आणि शिट्टी मिळाल्यापासून आबा दूध आणायलाही जाकीट घालून जात. "झोपताना तरी काढा," पुष्पाबाई म्हणत. पण खरं सांगायचं तर आबा कामाला चोख होते. मयुरीला सोबत घेऊन ते सगळ्यांआधी शाळेत पोचत. पालकांना पास दिलेले होते, ते पाहिल्याशिवाय आत सोडत नसत. त्यांच्या जोडीला निशा होती, भेस्तानची. वडील रेल्वेत होते, ती स्वतः शिवणकाम करायची आणि सकाळी फाटकावर उभी राहायची. तिला आरडाओरडा करावा लागत नसे. आबांना वाटे, पोरगी मऊ आहे, अशानं चोर सापडायचा नाही.

एके सकाळी वर्ग भरून बराच वेळ झाला होता. सातवीच्या बाई फाटकापर्यंत आल्या आणि निशाला हळूच काही सांगून आत घेऊन गेल्या. काय काम ते त्यांनी आबांना सांगितलं नाही. आबा एकटेच उभे राहिले. समोर वाफाळत्या लोचोच्या लारीवर चार-पाच माणसं खात होती, लहानांच्या दुपारच्या वर्गाला लवकर आलेल्या काही बाया सावलीत बसल्या होत्या.

एक रिक्षा थांबली. तिच्यातून गुलाबी पंजाबी ड्रेस घातलेली एक बाई उतरली आणि जवळजवळ धावतच फाटकाकडे आली. ओढणी गळ्यात, केस वर गुंडाळलेले, चेहरा घामानं भरलेला, हातात काळी पिशवी. आबांनी हा चेहरा कधी पाहिला नव्हता. फाटकाशी येऊन तिनं वर पाहिलं, आबांना पाहिलं, आणि भिंतीवर आपटावं तशी थांबली. दुसऱ्या क्षणी तिनं ओढणी डोक्यावरून पार हनुवटीखाली ओढली आणि आबांकडे पाठ केली.

मॅडमनी सांगितलं होतं ते अगदी तसंच, डोळ्यांसमोर!

"ओ बेन! ऊभा रहो," आबांनी खात्यातल्या आवाजात हाक दिली. "किस का छोकरा है? पास बताव."

ती काहीतरी पुटपुटली, तेही फाटकाच्या खांबाकडे तोंड करून. आबांच्या कानापर्यंत ते पोचलं नाही. तिनं इकडंतिकडं पाहिलं, जणू कुणाला तरी शोधत होती.

"इधर देख के बोल! थैली में क्या है?"

तिनं पिशवी पाठीमागे नेली. लारीवरची माणसं हातातली डिश तशीच धरून जवळ आली. सावलीतल्या बाया उठल्या. कुणीतरी म्हणालं, "बच्चा चोर है क्या?" तो शब्द निघाल्याबरोबर दोन-तीन मोबाइल वर झाले. आबांनी शिट्टी फुंकली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच खऱ्या कामासाठी फुंकायला मिळाली होती, आणि खोटं कशाला बोला, त्या शिट्टीनं आबांना आतून बरं वाटलं.

ती बाई एकदम फाटकाच्या लहान दाराकडे वळली. आत शिरणार, एवढ्यात आबांनी हात टाकला. हातात ओढणी आली. त्यांनी ती ओढली, लूमवरचा धागा अडकला की ओढतात तशी झटक्यानं, आणि ओढणी सगळीच्या सगळी त्यांच्या हातात आली. काळी पिशवी खाली पडली.

बाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

डाव्या मनगटावर चटक्याचा डाग होता. उजव्या हातावर तुळस होती, आणि तिचं एक पान वाकडं होतं.

आबांच्या हातातली ओढणी त्यांच्या हातातच राहिली. ती परत द्यावी हेसुद्धा सुचलं नाही. शिट्टी ओठांतून पडून गळ्यातल्या दोरीला लोंबत राहिली. गेले काही महिने जयश्री साड्यांना स्टोन लावण्याच्या कारखान्यात जाते हे त्यांना माहीत होतं. ती आपल्यानंतर निघते आणि अर्धा दिवस भरून आपल्याआधी येते, त्यामुळे ती ड्रेस घालते हे त्यांना माहीत नव्हतं. मयुरीला रोज तेच शाळेत आणत, म्हणून तिच्या आईला पासची कधी गरजच पडली नव्हती. हे सगळं त्यांना त्या एका क्षणात कळलं आणि काही उपयोग नव्हता.

निशा धावत बाहेर आली. तिनं काही विचारलं नाही. आबांच्या मुठीतून ओढणी सोडवून जयश्रीच्या खांद्यावर टाकली, पिशवी उचलली, तिच्यावरची माती झटकली.

"मयुरीसाठी आहे, काका," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मोठी झाली आज आपली मयुरी. पोर घाबरून रडतेय आत. बाईंनी आईला फोन केला होता."

म्हणजे जी गोष्ट एखादी आई परक्या पहारेकऱ्यालाही सांगताना अडखळेल, ती या बाईनं जेठाला सांगायला हवी होती, भर रस्त्यात, ओरडून, कारण त्याला कमी ऐकू येतं! आबांना वाटलं, धरणी फाटावी आणि पोटात घ्यावं. धरणी काही फाटली नाही. माणसं मोबाइल खाली करून आपल्या लोचोकडे वळली, तेवढंच झालं.

दुपारी घरी येताना आबा पायरीवर थांबले. खोकले नाहीत. आत जयश्री नव्हतीच, ती लेकीला घेऊन वर बसली होती. पुष्पाबाईंनी ताट वाढलं. भाकरी जाड होती, कडेला कच्ची. आबांनी घास हातात धरला आणि ताटात परत ठेवला.

"काखमा कळसा नि गावले वळसा," पुष्पाबाई म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या रागावल्या नव्हत्या. "इतला वरीस तिना हातनी भाकर खादी तुम्ही. कावीळमा तिनी जगाडं तुमले. तिनं तोंड वळखता उनं नही?"

संध्याकाळी दगा खाली आला. आबांना वाटलं, आता हा बोलेल, शिव्या देईल, वेगळी चूल मांडतो म्हणेल. आबांची तयारी होती, किंबहुना त्यांना ते हवंच होतं. दगा समोर बसला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही तुमनी ड्यूटी करी. चूक तिनीच शे. तिनी बोलाले पाहिजे व्हतं." एवढं म्हणून त्यानं टीव्ही लावला. आबांना भावाच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि मग कळलं की भाऊ हे सगळं आपल्याकडूनच शिकलाय.

तोवर मोबाइलवर व्हिडिओ फिरायला लागला होता. त्यात शिट्टी होती, ओढणी होती, काळी पिशवी होती, आणि हात वर जाण्याआधीचा जयश्रीचा उघडा चेहरा होता. निशा बाहेर आली तो भाग कुणी घेतलाच नव्हता. खाली लिहिलं होतं, 'मुलं पळवणारी बाई शाळेच्या फाटकावर पकडली, पिशवीत गुंगीचं औषध.' डिंडोलीच्या प्रत्येक गटात तो गेला. लोक लिहीत होते, 'शाबास आबा', 'असे जागृत नागरिक हवेत', आणि हात जोडलेली, फुलांची चित्रं टाकत होते.

आबांनी उत्तर लिहायला घेतलं. बोट काचेवर ठेवलं आणि थांबलं. लिहायचं म्हणजे काय लिहायचं? ही चोर नाही, ही माझी भावजय आहे. म्हणजे भर रस्त्यात घरच्या सुनेची ओढणी मी ओढली. ज्यांच्यासमोर मान खाली घालण्याची बढाई मारली, त्याच सगळ्यांना हे सांगायचं. आबांनी मोबाइल उशीखाली सारला.

चुकून हात टाकला, ते एक झालं. चूक कुणाच्याही हातून होते. पण दुसऱ्या दिवशीही आबा गप्प राहिले, तिसऱ्या दिवशीही. चहाच्या लारीवर कुणी पाठीवर थाप मारली तर ते 'हां हां' करून निघून गेले. ही मात्र चूक नव्हती. ही भीती होती, आणि आपण भितो हे आबांना पुरतं ठाऊक होतं. जाकीट त्यांना अंगात काट्यासारखं टोचू लागलं. तरी ते घालून ते फाटकावर उभे राहत, कारण घातलं नाही तर लोक विचारतील, का?

सोमवारी निशानं त्यांना बाजूला घेतलं.

"काका, जयश्रीताईंना कारखान्यात येऊ नका म्हणून सांगितलंय. बाकीच्या बाया त्यांच्या शेजारी बसायला तयार नाहीत. काल भाजीवालीपाशी एकीनं त्यांना बघून आपलं पोर ओढून घेतलं. तुम्हाला घरात कुणी सांगितलं नाही?"

घरात कोण सांगणार? सांगायचं तर ते मयुरीमार्फत सांगायचं, आणि मयुरी त्या दिवसापासून आबांशी बोलत नव्हती. शाळेत ती मैत्रिणींबरोबर येऊ लागली होती.

मंगळवारी सकाळी फाटकावर नेहमीसारखी गर्दी होती. स्कूटरी, रिक्षा, पाण्याच्या बाटल्या, एका पोराचा एकच बूट. गर्दीतून जयश्री येताना दिसली. साडी नेसलेली, डोक्यावर पदर, पण चेहरा उघडा. मयुरीचा हात तिनं घट्ट धरला होता. बाया दोन्ही बाजूंना सरकल्या. कुणीतरी म्हणालं, "अरे, आ तो पेली ज छे," ही तर तीच, आणि एका आईनं आपल्या मुलीला पोटाशी ओढलं.

आबांना पळून जावंसं वाटलं. मुतारीकडे जातो म्हणून सांगावं, निशा बघून घेईल. त्यांनी एक पाऊल मागे घेतलंसुद्धा. मग मयुरीनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही, आता हे काय करतात ते बघायचं म्हणून.

आबा ओरडले. घसा खात्यातलाच, रस्त्यापलीकडच्या लारीपर्यंत गेला. "आयका! हाई चोर नही! हाई मन्हा दगानी बायको शे, मन्हा घरनी सून शे!" गर्दी थांबली. आबा बोलत राहिले. "तिनी ओढणी मी वढी. मी वळखं नही तिले. रोज तिना हातनी खास, तरी वळखं नही. आणि तठून आजलोंग मी गप बसनू. सांगा समदासले. शाबास लिखेल शे ना मोबाइलमा, ते पुसा."

ज्यांना अहिराणी कळली त्यांनी माना खाली घातल्या. ज्यांना कळली नाही त्यांना निशानं गुजरातीत सांगितलं, थोडक्यात, काहीही मऊ न करता. पोरीला ओढून घेणाऱ्या बाईनं पोरीला सोडलं.

जयश्री मात्र आत गेली नाही. ती आबांसमोर येऊन उभी राहिली, हातभर अंतरावर, जिथं आजवर मधे भिंत नाहीतर मयुरी असे. तिनं पिशवीतून नवा पास काढून पुढे धरला. त्यावर तिचा फोटो होता.

"जयश्री दगा पाटील," ती म्हणाली, नवऱ्याच्या नावासकट, ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. "मयुरीनी माय. सातवी ब."

आबांची मान वर होईना. पासकडे पाहत ते म्हणाले, "जा, जा आत."

"काका," शेजारून निशा म्हणाली, "फोटोशी चेहरा जुळवून बघायचा असतो. सगळ्यांचा बघतो आपण."

आबांनी मान वर केली. साधाच चेहरा. उजव्या भुवईत एक जुनी खोक, डोळ्यांखाली काळं, कपाळ मयुरीचं. डोळे सुजलेले होते, पण खाली झुकलेले नव्हते. एवढी वर्षं हा चेहरा चुलीपाशी बसलेला होता, आणि चारचौघांत छाती पुढे काढून आपण सांगत होतो की आपण तो पाहिला नाही.

"वळख पटनी ना, आबा?" तिनं विचारलं. जन्मात त्यांना उद्देशून ती पहिल्यांदा बोलली होती.

"पटनी," आबा म्हणाले. पुढे 'माफ कर' म्हणायचं होतं, ओठापर्यंत आलंही होतं, पण ती पास घेऊन मयुरीबरोबर आत निघून गेली होती. मागे एका पालकाची स्कूटर हॉर्न देत होती, त्याचाही पास बघायचा होता.

दुपारी आबा घरी आले. जाकीट काढून हातावर टाकलं, पायरीपाशी थांबले, आणि सवयीनं खोकले. दार उघडं होतं. आत चुलीपुढे जयश्री बसली होती, परातीत भाकरी थापत होती. आबांचा खोकला झाला की ते हात थांबायचे, पिठाच्या बोटांनी पदर खाली ओढायचे, आणि मगच पुन्हा चालू व्हायचे. आज ते थांबले नाहीत. भाकरी गोल फिरत राहिली, मोठी होत गेली, मग तव्यावर पडली. तिनं वर पाहिलं नाही की तोंड झाकलं नाही.

आबा पायरीवरच उभे राहिले. आता आत यायला कुणाची परवानगी मागायची आणि कशी मागायची, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पुन्हा एकदा खोकावं असं त्यांना वाटलं, पण धीर झाला नाही.